रिपोर्टवर विषाणू नाही, मग पेशीतून पेशीत जाणाऱ्याचं काय?

प्रश्न : माझं वय ३७. सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात कामाला आहे. मला एचआयव्ही आहे. चार वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून मिळणारी टीएलडीची, म्हणजे तीन औषधांची, एक गोळी रोज घेतो. गेली दोन वर्षं व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या) कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं येतंय, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) ६१० आहे. बायको निगेटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाले, आता मुलाचा विचार करायला हरकत नाही. तेवढ्यात मोबाइलवर एक लेख आला. त्यात लिहिलंय की एचआयव्ही रक्तात मोकळा फिरतो तो थोडाच, खरा तो एका पांढऱ्या पेशीतून दुसरीत थेट जातो, तिथे औषध पोचत नाही आणि व्हायरल लोडमध्ये तो मोजला जात नाही. बायकोनेही तो वाचला. दोन रात्री आम्हाला झोप नाही. हे खरं आहे का? मग माझा रिपोर्ट खोटा का? बायकोला त्या रस्त्याने लागण होईल का? रोज दोन गोळ्या घेतल्या तर तो रस्ता बंद होईल का? आणखी एक, गळीत हंगामात पाळ्या बदलतात (पहाटे ४ ते १२, १२ ते रात्री ८, ८ ते पहाटे ४) तेव्हा महिन्याला दोन-तीन गोळ्या चुकतात. रात्री साडेनऊला जेवण झालं की घेतो. जेवणाआधी तासभर पाठीसाठी कॅल्शियमची गोळी असते, पित्त झालं तर वरून जेल घेतो.

उत्तर : तुमचा रिपोर्ट खरा आहे. बायकोला तुमच्यापासून धोका नाही. दोन गोळ्या घेऊ नका. हे तीन जबाब आधी देतो, म्हणजे आजची रात्र तरी झोप लागेल. लेखातला एक भाग मात्र खरोखर बरोबर आहे, आणि तो नीट कळला तर तुमच्या पत्रातली कोणती ओळ काळजीची आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. ती ओळ त्या लेखाबद्दलची नाही, हंगामातल्या चुकलेल्या गोळ्यांबद्दलची आहे.

एचआयव्ही दोन तऱ्हांनी पसरतो. एक तऱ्हा सगळ्यांना माहीत असते. लागण झालेल्या सीडी-४ पेशीतून विषाणू बाहेर पडतो, रक्तात किंवा पेशींमधल्या द्रवात तरंगत जातो आणि योगायोगाने दुसरी सीडी-४ पेशी भेटली तर तिच्यात शिरतो. पोस्टात टाकलेल्या पत्रासारखं हे आहे. बरीचशी पत्रं वाटेतच गहाळ होतात, कारण मोकळा विषाणू शरीरात फार काळ टिकत नाही. दुसरी तऱ्हा हातोहात देण्याची. लागण झालेली पेशी निरोगी पेशीला प्रत्यक्ष चिकटते आणि विषाणू तिच्या हवाली करते.

हे चिकटणं कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. लागण झालेल्या पेशीच्या अंगावर विषाणूचं वेष्टन-प्रथिन उमटलेलं असतं. शेजारच्या निरोगी पेशीवर सीडी-४ नावाचा रेणू असतो. हे दोन एकमेकांना धरतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी एरवी आपसात निरोप देताना ज्या चिकट रेणूंनी एकमेकींना धरून ठेवतात, तेच इथेही पकड घट्ट करतात. मग लागण झालेल्या पेशीच्या आतला सांगाडा त्या जागेकडे वळतो आणि विषाणूचा कच्चा माल तिथे गोळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो शर्टाच्या बटणासारखा गोल दिसतो, साधारण एक ते तीन मायक्रोमीटरचा. विषाणू स्वतः मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे त्या एका बटणात किती मावत असतील ते बघा. तिथून ते दोन पेशींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत बाहेर पडतात आणि पलीकडची पेशी त्यांना आत ओढून घेते.

या जोडणीला विषाणूचा सिनॅप्स म्हणतात. हा शब्द आधी दुसऱ्याच विषाणूसाठी, एचटीएलव्ही-१ साठी, २००३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी वापरला. एचआयव्हीतही तसंच होतं हे पुढच्याच वर्षी दाखवलं गेलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विषाणूला हिरवा चमकणारा रंग लावून ही देवघेव जिवंत पेशींत चित्रित केली.

हा रस्ता किती मोठा आहे? १९९३ मध्येच प्रयोगशाळेतल्या मोजणीत तो मोकळ्या विषाणूपेक्षा शंभर ते हजारपट कार्यक्षम निघाला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये २००७ साली केलेला एक साधा प्रयोग तर डोळ्यांपुढे राहतो. लागण झालेल्या आणि निरोगी पेशी एकत्र ठेवल्या. एक भांडं स्थिर ठेवलं, दुसरं सतत हळुवार हलवत ठेवलं, जेणेकरून पेशींना एकमेकींना चिकटून राहता येऊ नये. हलत्या भांड्यात विषाणूची वाढ पार मंदावली. पेशीही तेवढ्याच, विषाणूही तोच, फक्त सलगी मोडली.

शरीरात अशी सलगी कुठे होते? वाहत्या रक्तात फारशी नाही. आपल्या लिंफोसाइट पेशींपैकी कुठल्याही क्षणी रक्तात असतात त्या सुमारे २ टक्के. बाकीच्या लसिका ग्रंथींत (काखेत, जांघेत, गळ्याशी ज्यांना आपण गाठी म्हणतो त्यांत), प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरात दाटीवाटीने राहतात. तिथे पेशी पेशीला खेटून असते. शिवाय डेंड्रिटिक पेशी नावाच्या पहारेकरी पेशी विषाणूला अंगावर धरून ठेवतात आणि स्वतःला लागण न होताही पुढच्या पेशीला नेऊन देतात. म्हणजे लेखातला हा भाग बरोबर आहे. गोळ्या न घेणाऱ्या माणसाच्या गाठींत हातोहात पसरणं हा मोठा रस्ता असतो, आणि सीडी-४ पेशी इतक्या झपाट्याने का मरतात त्याचंही बरंचसं कारण या सलगीतच आहे. शेजारणीकडून अर्धवट शिरलेल्या विषाणूची चाहूल लागून अनेक पेशी स्वतःच फुटून मरतात.

आता लेखात जे लिहिलेलं नाही ते.

विषाणू पत्राने आला काय किंवा हातोहात आला काय, नव्या पेशीत शिरल्यावर त्याला तीच कामं करावी लागतात. त्याची माहिती आरएनएच्या रूपात असते, ती आधी डीएनएत उतरवायची. मग तो डीएनए पेशीच्या केंद्रात नेऊन पेशीच्या डीएनएत शिवून टाकायचा. या दोन पायऱ्या झाल्याशिवाय ती पेशी नवा विषाणू बनवू शकत नाही. तुमच्या एका गोळीत तीन औषधं आहेत : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन उतरवून घेण्याची पायरी अडवतात, तिसरं शिवण्याची. हे सगळं घडतं ते विषाणू घेणाऱ्या पेशीच्या आत. औषध दोन पेशींच्या फटीत पोचतं की नाही हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. चोर पुढच्या दाराने येवो की शेजारच्या गच्चीवरून, आपला माणूस तिजोरीपाशी बसलेला आहे.

मग 'औषध पोचत नाही' हे आलं कुठून? २०११ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध निघाला होता, त्यातून. त्या प्रयोगात पेशीतून पेशीत पसरताना टेनोफोव्हिर आणि एफाव्हिरेन्झ ही औषधं मोकळ्या विषाणूच्या मानाने बरीच कमी पडली. ते निरीक्षण खोटं नव्हतं. पण पुढे, २०१४ मध्ये, दुसऱ्या गटाने औषधं एकेकटी न तपासता माणसाला देतात तशी एकत्र तपासली, तेव्हा ती हातोहात पसरणंही रोखतात असं दिसलं. मोबाइलवर फिरणाऱ्या लेखांत पहिला निबंध असतो, दुसरा गळलेला असतो. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण असं काही वाचून माणसं गोळ्यांवरचा विश्वास सोडतात.

एकटं औषध कमी का पडतं आणि तिन्ही मिळून पुरी का पडतात, हे एका हिशोबाने कळेल. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. धरा की एक औषध शंभरातले ९९ विषाणू अडवतं. मोकळा विषाणू पेशीपर्यंत बहुतेकदा एकेकटा पोचतो, म्हणजे ती पेशी लागण होण्याची शक्यता १ टक्का. पण हातोहात देताना एकदम शंभर आले, तर शंभरपैकी निदान एक तरी निसटण्याची शक्यता ६३ टक्के होते. आता तीन औषधं मिळून दहा हजारातले ९९९९ अडवतात असं धरा. मग शंभर एकदम आले तरी एखादा निसटण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. गर्दीने आलेल्याला अडवायला पहारा पुरेसा भक्कम लागतो, वेगळा लागत नाही. हाच हिशोब उलटा वाचा. गोळ्या चुकून औषधाची पातळी घसरली, तर आधी उघडतो तो हा हातोहातचा रस्ता. म्हणून त्या दोन-तीन गोळ्यांची आम्हाला लेखापेक्षा जास्त चिंता आहे.

रिपोर्टबद्दल. व्हायरल लोडसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. नळी यंत्रात फिरवली की पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तपासणी त्या प्लाझ्मातल्या विषाणूची होते, तळाच्या पेशींची नाही. इथपर्यंत लेख बरोबर. पण मगाशी सांगितलेली फट काही सीलबंद नसते. हातोहात देताना विषाणू बाहेरही सांडतो, आणि ज्या पेशीला हा उद्योग करता येतो ती मोकळे विषाणूही सोडतच असते. लागण झालेली, विषाणू बनवणारी पेशी जगते जेमतेम एक-दोन दिवस. हातोहात पसरणं चालू ठेवायचं तर रोज नव्या पेशी पेटत्या ठेवाव्या लागतील, आणि त्या पेटत्या राहिल्या तर धूर प्लाझ्मात दिसतोच. गोळ्या न घेणाऱ्या माणसात तो मिलिलीटरला हजारोंनी, लाखोंनी दिसतो. तुमच्यात यंत्राला तो सापडतच नाही.

प्लाझ्मात दिसत नाही अशी एक गोष्ट तुमच्या शरीरात आहे, ती लपवत नाही. काही सीडी-४ पेशींच्या डीएनएत विषाणू शिवलेला आहे आणि त्या झोपलेल्या आहेत. विश्रांतीतल्या सुमारे दहा लाख सीडी-४ पेशींत अशी एखादीच, जिच्यातून खरोखर चालणारा विषाणू निघू शकतो. झोपलेली पेशी अंगावर वेष्टन-प्रथिन उमटवत नाही, आणि ते नसेल तर शेजारणीला धरणार कशाने? म्हणून झोपेत ती हातोहात काही देऊ शकत नाही. अधूनमधून एखादी जागी होते, विषाणू बनवते, शेजारणीला देतेही. पण शेजारणीत औषध बसलेलं असल्याने साखळी तिथेच तुटते. काही जणांच्या रिपोर्टमध्ये कधीतरी मिलिलीटरला ६०, ८० कॉपी (विषाणूच्या प्रती) असा आकडा येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा नाहीसा होतो, तो बहुतेकदा अशाच जाग्या पेशींचा. औषध निकामी झाल्याचा तो पुरावा नाही. अशा वेळी घाबरून गोळ्या बदलायला सांगू नका, तपासणी पुन्हा करून घ्या. आकडा १००० च्या वर गेला तर मात्र केंद्रातले डॉक्टर आणि समुपदेशक गोळ्या कशा घेतल्या जातात ते तपासतात आणि साधारण तीन महिने नीट घेतल्यावर पुन्हा चाचणी करतात.

या झोपलेल्या पेशींचा साठा फार सावकाश कमी होतो. गोळ्या चालू असताना तो निम्मा व्हायला साडेतीन-चार वर्षं लागतात. म्हणून 'नॉट डिटेक्टेड' आलं की गोळ्या बंद, असं करता येत नाही. बंद केल्यावर बहुतेकांत दोन-चार आठवड्यांत विषाणू परत उसळतो. तुम्हाला हिपॅटायटिस बी असेल तर आणखी एक धोका असतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही त्यालाही दाबून ठेवतात, आणि एकदम थांबवली तर यकृताचा आजार भडकू शकतो. तुमची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची) चाचणी झाली आहे का, हे पुस्तिकेत बघून ठेवा.

दोन गोळ्यांचं. जागी झालेली पेशी जे विषाणू सोडते ते आधीच शिवलेल्या डीएनएतून येतात. शिवणं अडवणारं औषध दुप्पट केलं तरी शिवून झालेलं उसवत नाही. चालू उपचारात वरून आणखी एक औषध घालून बघण्याचे प्रयोग माणसांवर झाले आहेत, त्याने हा उरलासुरला विषाणू कमी झाला नाही. दुप्पट टेनोफोव्हिरचा त्रास मात्र मूत्रपिंडाला होतो. केंद्रात क्रिएटिनिन बघतात ते त्यासाठीच. दिवसातून दुसऱ्यांदा औषध लागतं ते एका प्रसंगी : टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल तेव्हा. तेव्हाही टीएलडी दोनदा घेत नाहीत, बारा तासांनी फक्त डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी देतात, कारण रिफॅम्पिसिन ते औषध शरीरातून लवकर संपवतं. पुढे कधी टीबीची औषधं सुरू झाली तर हे एआरटी केंद्रात त्याच दिवशी सांगा.

आता बायकोचा प्रश्न. हा परिच्छेद दोघांनी मिळून वाचा.

वीर्यात पेशी असतात आणि त्यांतल्या एखादीत विषाणूचा डीएनए सापडू शकतो, हे खरं. मग 'पेशीच्या रस्त्याने लागण होईल का' ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर प्रयोगशाळेतून नाही, जोडप्यांकडून मिळतं. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी, जवळजवळ सगळी स्त्री-पुरुष. पुण्यातली जोडपीही त्यात होती. विषाणू स्थिरपणे दबलेला असताना जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली एकही लागण त्यात आढळली नाही. ज्या थोड्या झाल्या त्या औषध सुरू करून विषाणू दबण्याआधी किंवा औषध निकामी ठरल्यावर. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात (निकाल २०१६) ८८८ जोडप्यांनी कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध ठेवले. अकरा जणांना नवी लागण झाली, पण विषाणूचा वंश तपासल्यावर त्यातली एकही स्वतःच्या जोडीदाराकडून आलेली निघाली नाही. या अभ्यासांनी 'मोकळा विषाणू' आणि 'पेशीतला विषाणू' असे वेगळे रस्ते मोजले नाहीत, थेट लागण मोजली. त्या पुरुषांच्या वीर्यातही पेशी होत्याच. म्हणजे दोन्ही रस्ते त्या शून्यात धरलेले आहेत.

पेशीचा रस्ता खरोखर सल्ला बदलतो अशा जागा थोड्या आहेत, इतर वाचकांसाठी त्या सांगतो. आईचं दूध ही एक. दुधात आईच्या जिवंत पेशी असतात, त्यामुळे 'नॉट डिटेक्टेड' आईच्या दुधातून धोका फार कमी होतो, पण संबंधांसारखा शून्य म्हणता येत नाही. म्हणूनच बाळाला नेव्हिरापिनचं औषध देतात आणि त्याच्या चाचण्या ठरलेल्या वेळी करतात. दुसरी जागा रक्तदान. रिपोर्ट कसाही असो, ते करायचं नाही. आणि मगाशी उल्लेख आलेला एचटीएलव्ही-१. तो जवळजवळ सगळा पेशीतून पेशीतच पसरतो, मोकळा असा सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. दक्षिण जपानमध्ये तो बराच आहे. नागासाकीत १९८७ पासून लागण असलेल्या आयांना अंगावर न पाजण्याचा सल्ला दिला गेला आणि बाळांतली लागण सुमारे २० टक्क्यांवरून अडीच-तीन टक्क्यांवर आली. तुम्ही वाचलेल्या लेखात या दोन विषाणूंची गल्लत झालेली असणं अगदी शक्य आहे.

आता हंगाम. तीस गोळ्यांतली एक चुकली तर ९६.७ टक्के होतात, दोन चुकल्या तर ९३.३. केंद्रात ९५ टक्क्यांच्या वर राहा म्हणतात, म्हणजे महिन्याला फार तर एक. डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात निम्मं व्हायला सुमारे १४ तास लागतात आणि त्याची पातळी गरजेच्या कितीतरी वर असते, त्यामुळे एक गोळी चुकली म्हणून लगेच पहारा उठत नाही. तुमचा रिपोर्ट आजवर चांगला आला तो याच शिलकीवर. पण तीन-चार दिवस लागोपाठ राहिल्या की शिल्लक संपते, आणि तिन्ही औषधं एकाच वेगाने संपत नाहीत. काही काळ एकटंच औषध पहाऱ्यावर उरतं. मगाचा ६३ टक्क्यांचा हिशोब तेव्हा लागू होतो, आणि औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होतो तोही याच काळात.

चुकण्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. रात्री साडेनऊ ही वेळ तुमच्या तीन पाळ्यांपैकी एकाच पाळीत सोयीची आहे. पहाटेच्या पाळीत तेव्हा तुम्ही झोपलेले असता, रात्रपाळीत कारखान्यात चार माणसांत. गोळी संध्याकाळवर आणा. पहाटेच्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी ७ ला, घरीच. रात्रपाळीच्या आठवड्यात ७ ला, घरून निघण्याआधी. दुपारच्या पाळीत सुटून घरी पोचल्याबरोबर, साडेआठला. तिन्हींत फरक दीड तासाचा, तेवढ्याने काही बिघडत नाही, आणि कामावर कुणासमोर डबी काढावी लागत नाही. वेळ बदलताना पहिल्या दिवशी साडेनऊच्या ऐवजी सातलाच घ्या. अंतर अडीच तासांनी कमी झालेलं चालतं, वाढलेलं टाळायचं. ही गोळी उपाशीपोटी किंवा जेवून, कशीही घेता येते, त्यामुळे जेवणाला बांधून घेऊ नका.

तरीही चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम नाही. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, आत ओल शोषणारी पुडी असते ती फेकू नका. ऊसतोडीच्या दिवसांत जास्तीची पाळी अचानक लागते, त्यासाठी एक गोळी घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत जवळ असू द्या आणि ती दर आठवड्याला बदला.

कॅल्शियमचा आणि जेलचा मुद्दा लहान वाटतो, पण तोही याच पहाऱ्याचा आहे. कॅल्शियम, लोह, आणि पित्ताच्या जेलमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतात, मग ते रक्तात कमी उतरतं. गोळी गिळलेली असते, मोजणीत शंभर टक्के भरते, आणि औषध मात्र पुरतं पोचलेलं नसतं. आत्ता तुम्ही कॅल्शियम घेऊन थोड्याच वेळात गोळी घेता, हे चुकीचं आहे. नियम असा की टीएलडी आधी, मग निदान दोन तास थांबून या वस्तू. त्या आधी घेतल्या असतील तर टीएलडीला सहा तासांचं अंतर. कॅल्शियम आणि लोहाला एक सवलत आहे, भरपेट जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतलं तर चालतं. जेलला ती सवलत नाही. तुमच्यासाठी सोपं म्हणजे गोळी संध्याकाळी सातला, कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर, जेल लागलंच तर रात्री नऊनंतर, दुपारी एकनंतर गोळी होईपर्यंत अजिबात नाही. गोळी साडेआठला घेत असाल त्या आठवड्यात जेल साडेदहानंतर. पित्त वरचेवर होत असेल तर जेल विकत आणत बसू नका, केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून दुसरं औषध लिहून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही डोल्युटेग्रॅव्हिर चालू असल्याचं सांगायला हवं, तिथे मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

मुलाबद्दल डॉक्टर बरोबर बोलले आहेत. निदान सहा महिने नीट दबलेला व्हायरल लोड आणि नियमित गोळ्या असल्या की नैसर्गिक मार्गाने मूल होऊ देता येतं, वीर्य धुण्याचे किंवा टेस्ट ट्यूबचे खर्च फक्त या कारणासाठी करू नयेत. तुम्हाला आम्ही एवढंच सुचवू की पाळ्यांचं नवं वेळापत्रक तीन महिने पक्कं बसू द्या, एकही गोळी न चुकवता. मग व्हायरल लोड एकदा करून घ्या. वार्षिक तपासणी लांब असेल तर मुलाचा विचार आहे असं केंद्रात स्पष्ट सांगा. गोळ्या चुकत होत्या म्हणून तोवर कंडोम. प्रयत्न सुरू करण्याआधी दोघांनी गुप्तरोगांची तपासणी करून घ्या. तुमच्या पत्नींची एचआयव्ही चाचणी प्रयत्न सुरू करताना एकदा, आणि दिवस राहिल्यावर इतर सगळ्या गरोदर बायकांची होते तशी पुन्हा. तेवढं ऐकूनही त्यांच्या मनात धाकधूक राहिली तर त्यांच्यासाठी रोजची प्रतिबंधक गोळी, प्रेप, असते. तिची वैद्यकीय गरज इथे नाही, पण प्रयत्नांच्या महिन्यांत त्यांना त्याने निर्धास्त वाटणार असेल तर मागायला संकोच नको.

त्यांना सोबत घेऊनच पुढच्या वेळी समुपदेशकांकडे जा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. हंगाम सुरू असेल आणि सुट्टी मिळत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.